डॉक्टरांची कात्रणवही

डॉक्टर रोज सकाळी पावणेसहाला घाबरायला बसत. इतर माणसं ज्या वेळेला चहाला बसतात, त्या वेळेला ते क्लिनिकच्या कॉम्प्युटरसमोर बसायचे आणि आपण झोपलेलो असताना जगात कुठलं औषध बिघडलं ते शोधायचे. डॉक्टरांसाठी बातम्या देणारी पाच-सहा संकेतस्थळं, दोन-तीन देशांच्या औषध खात्यांच्या सूचना, इथल्या मंत्रालयाची परिपत्रकं, शिवाय ईमेलवर फुकट येणारी वार्तापत्रं. सगळं वाचून होईपर्यंत त्यांचा चेहरा उतरलेला असायचा. मग कामाच्या बातम्या ते छापायचे, ड्रेसिंगच्या कात्रीने कापायचे आणि लहान मुलांच्या चित्रकलेच्या वहीत डिंकाने चिकटवायचे. वहीच्या कव्हरवर फुगे धरलेलं अस्वल होतं. आत अमुक गोळीने यकृत कसं खराब होतं ते असायचं.

हे ओमानमधल्या सहमचं. मस्कतहून गाडीने दोनेक तास. हमरस्त्याला लागून दुकानांची रांग, मागे खजुराची आणि लिंबाची शेतं, पुढे समुद्र. दुकानांच्या रांगेत आमचं खाजगी क्लिनिक होतं: तपासणीच्या दोन खोल्या, एक ड्रेसिंगची, आणि दाराजवळ काचेच्या आड फार्मसी. फार्मसीत मी. मी मूळची चिपळूणची. नवऱ्याची नोकरी सोहारच्या बंदरात, म्हणून मी सहमला. डॉक्टर रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावचे, मुसलमान, साठीला टेकलेले, एकटे क्लिनिकच्या वरच्या खोलीत राहणारे. आमच्या दोघांत भाषा एक असल्यामुळे त्यांची सगळी भीती माझ्या वाट्याला यायची. केरळची सिस्टर आणि इथली रिसेप्शनिस्ट झुवैना, या दोघींना तिचं फक्त इंग्रजी आणि अरबी भाषांतर मिळायचं.

क्लिनिक नऊला उघडायचं. पावणेनऊला आम्ही तिघींनी त्यांच्या टेबलासमोर उभं राहायचं आणि त्यांनी त्या दिवशीची कात्रणं मोठ्याने वाचायची, असा त्यांचा नियम होता. वाचून झालं की प्रत्येक कात्रणाखाली तिघींच्या सह्या. बहुतेक बातम्या आमच्याकडे नसलेल्या औषधांच्या असत. कर्करोगाच्या एका महागड्या इंजेक्शनबद्दल त्यांनी एकदा वीस मिनिटं वाचलं. मी म्हटलं, डॉक्टर, आपल्याकडे ताप, खोकला आणि पाठदुखी येते, हे इंजेक्शन आपण जन्मात बघणार नाही. त्यांनी वही मिटली नाही.

"औषध झोपत नाय गो बाय," ते म्हणाले. "आपण झोपतो."

मला ते 'बाय' म्हणत. कोकणात धाकट्या बहिणीला म्हणतात तसं. त्या शब्दामुळे मी त्यांचं बरंच ऐकून घेतलं.

जुनं कात्रण ते कधी फाडत नसत. नव्या बातमीने जुनी खोटी पडली की जुनीवर लाल रेघ मारायची, खाली तारीख घालायची आणि लिहायचं, 'हे मेलं'. एकोणतीस वह्या होत्या. पहिल्या दहांमध्ये मेलेलंच जास्त. रुग्ण नसला की ते त्या जुन्या वह्या चाळत बसायचे. स्मशानात नावं वाचत फिरावं तसं. एकदा मी चहा ठेवायला आत गेले तर लाल रेघेवर बोट ठेवून म्हणाले, "हे मी किती जणांना लिहिलं असेल, सांग बघू." मला काय माहीत. मी चहा ठेवला आणि बाहेर आले. पण त्या दिवशी काउंटरवर प्रत्येक गोळी देताना माझा हात जरा अडखळला, हे कबूल करते. त्यांची भीती लागट होती.

कुठलंही औषध लिहिण्याआधी ते मोबाईलवर बघत. साधी तापाची गोळी असली तरी. वजन विचारायचे, मोबाईलमध्ये बघायचे, कागदावर हिशेब करायचे, परत बघायचे. रुग्णांना हे पटत नसे. डॉक्टरने बघताक्षणी लिहावं, अशी सगळीकडे अपेक्षा असते. आमच्याच बाजूचा, खेडचा एक ट्रक ड्रायव्हर होता, तो एकदा वैतागून म्हणाला, "डॉक्टर, पास झालाव ना तुम्ही? मग बघून काय लिवताव?"

"मी पास झालो तेव्हा जे खरं होतं, ते आता नापास झालंय," डॉक्टर म्हणाले आणि मोबाईलमध्ये बघत राहिले.

रुग्ण कमी होऊ लागले तेव्हा आमचे मालक, ज्यांना आम्ही सगळे अर्बाब म्हणत असू, ते येऊन म्हणाले, डॉक्टर, खलास, टेबलावर मोबाईल दिसायला नको. तेव्हापासून डॉक्टर मोबाईल अर्ध्या उघड्या खणात ठेवून मान खाली घालून बघायला लागले. ओठ हलायचे. नव्या रुग्णांना वाटायचं, औषध लिहिण्याआधी डॉक्टर दुआ मागतात. त्याने मात्र गर्दी वाढली.

गाडीचंही तसंच. बटिना किनाऱ्याच्या त्या सरळ रस्त्यावर जिथे सगळे सव्वाशेने जातात, तिथे डॉक्टर साठने जायचे. मागून हॉर्न, शेजारून शिव्या. मी एकदाच त्यांच्याबरोबर सोहारला गेले होते आणि परत टॅक्सीने आले. चौकातल्या राउंडअबाउटच्या गोलाला ते तीनदा थांबले. गोल रिकामा होता.

मी हे सगळं हसत सांगते आहे, पण तेव्हा मी हसत नव्हते. मला वेळ वाया गेलेला आवडत नाही. आठ वर्षं मी काउंटर सांभाळला होता, एकदाही चुकीची बाटली दिली नव्हती, आणि हा माणूस रोज सकाळी मला शाळेतल्या मुलीसारखं उभं करून वाचून दाखवत होता. ऐकता ऐकता मी मनात ऑर्डरची यादी करायला शिकले. पुढे तर सही करताना कात्रणाकडे बघणंही सुटलं. नवीन कागद, चिकटपणा, सही. हाताला सवय झाली होती.

त्या ऑगस्टमध्ये चार दिवस धूळ उडत होती आणि डॉक्टरांचा घसा बसला. बसला म्हणजे आवाजच गेला. पहिल्या सकाळी पावणेनऊला आम्ही उभ्या राहिलो. त्यांनी तोंड उघडलं, आतून नुसती हवा आली. त्यांनी गळ्याकडे बोट दाखवलं, वही आमच्याकडे फिरवली आणि हाताने खूण केली: वाचा. पानावर तीन कात्रणं होती, तिसऱ्याचा डिंक अजून ओला होता.

दारात औषधांची गाडी येऊन उभी होती. ड्रायव्हर खोकी उतरवत होता आणि 'यल्ला, यल्ला' करत होता, कारण त्याला पुढे शिनासपर्यंत जायचं होतं. मी उभ्या उभ्या तीन सह्या केल्या. तिसरी करताना कागद हलला, बोटाला डिंक लागला. तो मी एप्रनला पुसला. सिस्टर ड्रेसिंगची तयारी करायला गेली होती, ती नंतर करणार होती. झुवैनाला वैद्यकीय इंग्रजी वाचता येत नव्हतं, तिची सही रोज माझ्या सहीवर विश्वास ठेवून होत असे. तीही झाली.

तिसरं कात्रण तापाच्या सिरपबद्दल होतं. मुलांच्या तापाचं अगदी साधं सिरप, आम्ही रोज देत होतो तेच. त्याच्या एका बॅचमध्ये नको ते मिसळलं असल्याचा संशय होता. तपासणी पूर्ण होईपर्यंत ही बॅच बाजूला काढून ठेवावी, दिली असल्यास परत मागवावी, आणि ज्या मुलाला दिली त्याची लघवी कमी झाली किंवा थांबली तर एक तासही न थांबता मोठ्या दवाखान्यात न्यावं. म्हणजे धोका मूत्रपिंडांना. बॅचचा नंबर डॉक्टरांनी लाल शाईने गोल केला होता.

हे मी दुपारी एकला वाचलं.

एकला दुपारची सुट्टी होते. मी शटर अर्धं खाली ओढलं होतं. डॉक्टर त्यांच्या खोलीतून बाहेर आले, काचेजवळ उभे राहिले आणि कागदाच्या आवाजात म्हणाले, "त्या बाटल्या कुठे ठेवल्यास गो?"

"कुठल्या बाटल्या?" मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग ते आत गेले आणि वही घेऊन आले. पान उघडून काउंटरवर ठेवलं. रागावले नाहीत. कात्रणावर बोट ठेवलं, मग तेच बोट हळूहळू खाली माझ्या सहीपर्यंत आणलं. मला आधी माझी सही दिसली, मग लाल गोल, आणि मग मी उभ्या जागी वाचलं. वाचून होईपर्यंत माझे पाय गार पडले होते. बाहेर चव्वेचाळीस डिग्री होती.

मी खोकं खाली काढलं. नंबर तोच. बारा बाटल्यांच्या खोक्यात नऊ होत्या.

दोन बाटल्यांचा पत्ता पाच मिनिटांत लागला. दोन्ही ठिकाणी फोन उचलले गेले, दोन्ही बाटल्यांची झाकणंही उघडलेली नव्हती, आणि दोन्ही माणसांनी त्या अर्ध्या तासात आणून देतो म्हणून सांगितलं. तिसरी मी साडेनऊच्या सुमाराला एका म्हातारीला दिली होती. तिची नात मरियम, दोन वर्षांची, ताप. ती बॅच मी बाजूला काढली असेल असं धरून डॉक्टरांनी खणात बघून वजनाप्रमाणे बरोबर डोस लिहून दिला होता. म्हातारीने बाटली हातात घेऊन मला विचारलं होतं, "झैन?" म्हणजे, चांगलं आहे ना? इकडे सगळे विचारतात तसं. आणि मी पुढच्या माणसाची चिठ्ठी हातात घेत म्हटलं होतं, "झैन."

कॉम्प्युटरवर म्हातारीच्या मुलाचा नंबर होता. मुलगा मच्छिमार, समुद्रावर. फोन लागत नव्हता. घर कुठे, ते झुवैनाला माहीत होतं. ओढ्यापलीकडे, लिंबाच्या शेतात, निळं फाटक. तिने शटरबाहेर येऊन हाताने रस्ता दाखवला. सिस्टर उरलेल्या नऊ बाटल्या कपाटात घालून कुलूप लावत होती. डॉक्टरांनी वही काखेत घेतली आणि गाडीत बसले. मी शेजारी बसले.

आणि तो माणूस, जो रिकाम्या गोलाला तीनदा थांबायचा, त्याने त्या दिवशी एकदाही ब्रेकवर पाय ठेवला नाही. मी दाराची कडी धरून होते. एकदा मी म्हटलं, डॉक्टर, हळू. त्यांनी ऐकलंच नाही. मला आठवतं ते एवढंच, की काटा एकशेतीसच्या पुढे होता आणि त्यांचे ओठ हलत होते. या वेळी ते खरंच दुआ मागत असावेत.

निळं फाटक उघडं होतं. म्हातारी ओसरीत चटईवर बसली होती, मांडीवर पोर झोपलेली. ती आम्हाला बघून आनंदली. डॉक्टर स्वतः घरी आले, याचा तिला मान वाटला. तिने लगेच आत हाक मारली, कहवा आणा, खजूर आणा. इथल्या घरात कॉफीच्या घोटाआधी कामाचं बोलणं म्हणजे उर्मटपणा, हे मला आठ वर्षांत कळलं होतं. डॉक्टरांना तर वीस वर्षांत. ते चटईवर गुडघे टेकून बसले आणि कॉफी यायच्या आतच फाटक्या आवाजात विचारलं, किती वेळा दिलं?

दोनदा, म्हातारी म्हणाली. दहाला एकदा, आणि आत्ता मघाशी, ताप परत चढला म्हणून. बाटली तिच्या बाजूलाच होती, झाकणाला चिकट ओघळ.

"लघवी?"

तिला प्रश्न समजला नाही, कारण आवाज फुटत नव्हता. मी माझ्या मोडक्या अरबीत विचारलं. म्हातारीने पोरीच्या डायपरला हात लावून बघितलं.

"सकाळच्या नमाजानंतर बदलला," ती म्हणाली. "तेव्हापासून कोरडाच आहे."

डॉक्टरांनी पोरीची जीभ बघितली, पोटावर चिमटीने कातडी उचलून बघितली. ताप आहे, सकाळपासून प्यायली नाही, उन्हाळा आहे, त्यानेही कोरडा राहतो, असं ते मला मराठीत म्हणाले. आणि लगेच, "पण मला माहीत नाय." त्यांच्या तोंडून हे वाक्य मी हजारदा ऐकलं होतं आणि हजारदा मला त्याचा कंटाळा आला होता.

कॉफी आली. ती तशीच राहिली. आम्ही म्हातारीला आणि पोरीला गाडीत घेतलं आणि सोहारच्या मोठ्या दवाखान्यात गेलो. म्हातारी मागे बसली होती. अर्ध्या वाटेत तिने मला विचारलं, काय झालंय? मी सांगितलं की औषधाची बाटली कदाचित खराब असेल, सकाळी तशी सूचना आली होती, ती मी बघितली नाही.

ती म्हणाली, "मी तुला विचारलं होतं."

"हो."

"तू झैन म्हणालीस."

मी मागे वळले नाही. आरशात मला पोरीचे पाय दिसत होते, एका पायात मोजा, दुसऱ्यात नाही.

दवाखान्यात एक तरुण ओमानी डॉक्टरीण होती. तिने पोरीला पडद्यामागे घेतलं, रक्त काढलं, सलाईन लावलं. मग बाहेर येऊन विचारलं, कुठली सूचना? डॉक्टरांनी काखेतली वही उघडून तिच्यापुढे धरली. फुगेवाल्या अस्वलाकडे तिने बघितलंही नाही. ती उभ्या उभ्या कात्रण पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचत गेली. मी तिच्याकडे बघत होते. इतक्या वर्षांत डॉक्टरांचं एखादं कात्रण कुणी असं पूर्ण वाचताना मी पहिल्यांदाच बघत होते. शेवटी तिची नजर खालच्या सह्यांवर आली.

"ही कोणाची?"

"माझी," मी म्हटलं.

"तुम्ही वाचून दिलंत?"

"न वाचता सही केली."

ती पानाचा फोटो काढून आत गेली. त्या फोटोत माझी सही होती, तारखेसकट. लायसन्स, व्हिसा, मुलीची शाळा, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. मी खोटं लिहिणार नाही. पण ते फार टिकलं नाही, कारण आतून नर्स बाहेर आली आणि तिने मान हलवली. कोरडा.

मग आम्ही बाहेरच्या बाकावर बसून राहिलो. दर अर्ध्या तासाने नर्स डायपर बघायची. रक्ताचा पहिला रिपोर्ट ठीक आहे, असं डॉक्टरीण सांगून गेली, पण एवढ्यात काही कळणार नाही, लघवी व्हायला हवी. म्हणजे सगळं एका डायपरवर येऊन थांबलं होतं. तीन वाजता कोरडा. साडेतीनला कोरडा. अस्रची, म्हणजे तिसऱ्या प्रहरची अजान झाली, डॉक्टर तिथेच भिंतीच्या कडेला रुमाल पसरून नमाज पढले आणि परत येऊन बसले.

मग त्यांनी मंत्रालयाच्या तक्रारीच्या नंबरला फोन लावला. मला वाटलं होतं की ते थांबतील, निदान पोरीचं काय होतं ते कळेपर्यंत. नाही थांबले. घशातून शब्द ओढून काढत त्यांनी अरबी-इंग्रजीत सगळं सांगितलं: क्लिनिकचं नाव, बॅच, तीन बाटल्या, एका मुलीला दोन डोस. पलीकडून बहुधा विचारलं गेलं की सूचना वेळेवर पोचली होती का. मी बाकाची कड धरली.

"पोचली होती. सकाळी सहाला मला पोचली," ते म्हणाले. "माझ्यापासून पुढे नाही पोचली. मी सह्या घेत होतो. ती माझी पद्धत चुकीची आहे, तसं लिहा."

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, डॉक्टर, तुम्ही माझं नाव का सांगितलं नाही?

"विचारतील तेव्हा सांगेन. लपवणार नाय," ते म्हणाले. "पण बाय, सही म्हणजे झोपेचं औषध असतं. ते मीच तुला रोज देत होतो. मला वाटायचं, सही आहे म्हणजे मी सुटलो."

मग वहीच्या कव्हरवरच्या अस्वलाकडे बघत, जे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं, ते सांगितलं. तरुणपणी ते खाडीपलीकडच्या एका गावात एकटेच डॉक्टर होते. मुलांच्या जुलाबांवर एक औषध होतं, ते सर्रास द्यायचे. ते धोक्याचं ठरून बंद झालं. बातमी डॉक्टरांसाठीच्या मासिकात छापून आली होती. मासिक टपालाने घरी यायचं. दवाखान्यात गर्दी असायची, म्हणून ते कपाटावर ठेवायचे, उद्या वाचू म्हणून. दोन वर्षांनी कपाट हलवलं तेव्हा गठ्ठा खाली पडला.

"पाकिटंच फोडली नव्हती," ते म्हणाले.

"आणि मुलं?" मी विचारलं. "कुणाला काही झालं?"

"माहीत नाय. दोन वर्षांत तिकडे पोरं गेली, नेहमी जायची तशीच. कुठलं कशाने गेलं, कोण सांगणार? विचारायला जायची माझी हिंमत झाली नाय." त्यांनी वहीवरून हात फिरवला. "म्हणून मग हे."

मला सांत्वन करता येत नाही आणि ते मागतही नव्हते. पण पावणेसहाला घाबरायला बसणारा माणूस मला त्या बाकावर पहिल्यांदा नीट दिसला. इतकी वर्षं मला वाटत होतं की काय होईल या भीतीने ते वाचतात. ते, काय होऊन गेलं असेल, या भीतीने वाचत होते. त्या भीतीला औषध नसतं, कारण तिला रिपोर्टच येत नाही. आणि चार वाजता, नर्स परत मान हलवून गेली तेव्हा, माझ्या लक्षात आलं की संध्याकाळपर्यंत मीही त्यांच्याच बाकावरची होऊ शकते, जन्मभरासाठी.

आता मी मस्कतला अझैब्यात असते. मंत्रालयाने माझी चौकशी केली, लेखी ताकीद दिली, लायसन्स राहिलं. माझ्या हाताखाली दोन मुली आहेत, दोघी हुशार, दोघींना वाटतं मी अति करते. मी पावणेसहाला उठते. सकाळी मी त्यांना सूचना वाचून दाखवत नाही आणि सहीही घेत नाही. कागद हातात देते, वाचू देते, मग परत घेते आणि म्हणते, सांग आता काय होतं ते. सांगता आलं नाही तर काउंटर उघडत नाही. बाहेर गिऱ्हाईक काचेवर टकटक करत असलं तरी. मागे एकीला दुसरीच्या कानात म्हणताना मी ऐकलं की मॅडमना कसली तरी भीती आहे. आहेच.

ही पद्धत डॉक्टरांची. दुसऱ्याच दिवसापासून त्यांनी ती सुरू केली, आवाज परत यायच्या आधीच. कोकणात परत गेल्यावरही ते मला मोबाईलवर कात्रणं पाठवतात, आणि मी नुसतं 'वाचलं' म्हणून उत्तर दिलं तर लगेच फोन येतो: "काय वाचलंस?"

पण ते सगळं नंतरचं. त्या दिवशी साडेचारला आम्ही बाकावर होतो. मी पडद्याकडे बघत होते. पडद्याखालून म्हातारीचे पाय दिसत होते, अनवाणी, चपला आमच्या गाडीतच राहिल्या होत्या. बराच वेळ ते पाय हलले नाहीत. मग हलले.

पडदा सरकला आणि म्हातारी बाहेर आली. तिच्या हातात गुंडाळलेला डायपर होता. नर्स मागून काहीतरी म्हणत होती, तो मोजायचा आहे, इकडे द्या, पण म्हातारीने ऐकलं नाही. ती सरळ आमच्या बाकापर्यंत आली आणि तिने तो डॉक्टरांच्या हातात दिला.

डॉक्टरांनी तळहातावर घेऊन तो वर-खाली केला. मग ते माझ्याकडे वळले.

"घे बाय," ते म्हणाले, आवाज जवळजवळ नव्हताच. "हे वाच."

मी दोन्ही हातांनी घेतला. जड होता, आणि अजून कोमट होता.